ठिपके घासल्याची हकीकत

चि. धाकट्या,

थोरल्या ताईचा आशीर्वाद. आम्ही आहोत तसे आहोत. तुझा खोकला बसला का? मंगळवारी दाजींच्या हाती धाडलेली बाटली मिळाली असेल. औषध मी स्वतः उकळलंय, तेव्हा नाक न मुरडता घे.

आता मुद्द्याचं. तू शब्द टाकून मला प्रयोगशाळेत लावलंस, ते काम जायच्या बेतात आहे आणि चूक माझी नाही (थोडी आहे, ती पुढे येईल). माझं काम काचसामान धुवायचं. मंगळवारी मोठे सर जाता जाता म्हणाले, "बाई, त्या सहा बाटल्यांत ठिपके आहेत, जरा लक्ष असू द्या." आता धुणाऱ्या बाईला बाटलीत ठिपके आहेत म्हटलं तर ती काय करील, बघत बसेल? टेबलावर पाचच होत्या (सर मोजायला चुकले असतील म्हटलं). आतलं तांबडं पाणी ओतलं आणि घासून अशा लख्ख केल्या की ठिपका नावाला उरला नाही.

सर आले, बाटल्या बघितल्या आणि खुर्चीत बसले ते उठेचनात. मग सरांच्या हाताखालच्या मॅडमनी मला समजावलं. हे क्वांटम का कसले ठिपके म्हणे डोळ्याला दिसतच नाहीत (मग ठिपके कशाला म्हणायचं?). माल एकच, पण लहान ठिपका दिव्याखाली निळा चमकतो, मोठा तांबडा. मी विचारलं, माझ्या मापाला कोणता रंग? मॅडम हसल्या, सर नाही. हेच ठिपके टीव्हीच्या पडद्यात घालतात आणि हेच उंदराच्या रोगट पेशींना चिकटवले की गाठ कुठे आहे ते उजळून दिसतं. माणसाला देत नाहीत, आत विषारी धातू असतो. एकाच बाटलीत टीव्ही आणि डॉक्टर, माझं डोकं चालेना. उंदराच्या पोटात बातम्या दिसतात का, तेही विचारून घेतलं.

सहा महिन्यांची मेहनत होती म्हणे. सोमवारपर्यंत सहावी बाटली मिळाली तर मला माफ, नाहीतर घरी बसा. मी शपथेवर सांगितलं, मी ती पाहिलीसुद्धा नाही.

तुझी,
ताई

ता.क. तुझं औषध मी कामावरच्याच रिकाम्या बाटलीत भरलं होतं आणि मंगळवारी बाटल्या घासायच्या आधी त्याच टेबलावरून घाईत उचलून फाटकाशी दाजींच्या हाती दिलं होतं. रंग तांबडाच.

ता.क. दुसरा. आत्ता पिशवी उपसली तर तुझं औषध तळाशी. तू फोन उचलत नाहीस, म्हणून दाजींनाच पत्र देऊन पिटाळलंय. बाटली उघडू नकोस, त्यांच्याकडे दे. घोट घेतला असशील तर आधी दवाखाना गाठ, मग उरलेली बाटली आणि तू, दोघेही सोमवारच्या आत इकडे या. आणि खोकल्याला उतार पडला असेल तर तसं लिहून आण, सरांच्या कामी येईल.