एकच पुस्तक, दोन कॉलेजं

२१ सप्टेंबर २००९, सोमवार
सकाळी सरकारी कम्युनिटी कॉलेज, संध्याकाळी मॉलमधलं कंपनीचं कॉलेज. दोन्हीकडे शरीरशास्त्र शिकवणारी मीच. पुस्तक तेच, धडा तोच, माझे शिळे विनोदसुद्धा तेच! सकाळी मोडकी बाकं, आणि नर्सिंगला दोन वर्षांची रांग. संध्याकाळी गालिचा, फुकट कॉफी, रांग नाही — आणि फी दसपट.

२४ सप्टेंबर
संध्याकाळच्या वर्गात येसेनिया बारागान म्हणून एक आहे. सफरचंदांच्या गोदामातली पाळी संपवून येते, हाताला फळांवर चढवायच्या मेणाचा वास. हुशार आहे. कम्युनिटी कॉलेजने तिला सांगितलं, या विषयाचा वर्ग भरलाय, थांबा. इथल्या प्रवेशाच्या ऑफिसातल्या ट्रॉयने आठवड्यात अकरा फोन केले. "माझ्या नवऱ्यानंसुद्धा लग्नाआधी एवढे केले नव्हते, मॅडम!" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

१ ऑक्टोबर
तास संपल्यावर थांबली. "मॅडम, इथं पास झालं की हा विषय कम्युनिटी कॉलेजात धरतात ना? मला पुढं तिथंच नर्सिंग करायचंय. ट्रॉय म्हणतो, डोळे झाकून धरतात."
धरत नाहीत. एकाचाही धरलेला मी पाहिला नाही. उद्या पाचच्या आत नाव काढलं तर फी परत मिळते, हेही मला ठाऊक. आणि मी काय म्हणाले? — "ऑफिसात विचार."
भित्री कुठली!

२ ऑक्टोबर
सकाळी तिचा नंबर शोधून ठेवला होता. दुपारी ट्रॉय दारात. "डोरीन, तू आपली शिकव. सल्ले द्यायला आम्ही बसलोय." कुणी चुगली केली, की त्याची नेहमीचीच तंबी, कोण जाणे. कम्युनिटी कॉलेज मला तासावर राबवतं, विमा देत नाही. माझ्या नवऱ्याचं, डेलचं इन्सुलिन या संध्याकाळच्या पगारातून येतं. कारण अगदी खरं आहे. म्हणून लाज काही कमी होत नाही.
पाच वाजले. सव्वापाचला फोन केला! तिने उचलला नाही, आणि मला हायसं वाटलं. कसली बाई आहे मी.

११ डिसेंबर
परीक्षेत येसेनिया पहिली. माझ्यासाठी घरून मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामालेस घेऊन आली. "तुमच्यामुळं झालं, मॅडम." दोन खाल्ले. चांगले होते.

१३ जानेवारी २०१०
ट्रॉयला बढती.

५ एप्रिल, सोमवार
कम्युनिटी कॉलेज, नव्या सत्रातला शरीरशास्त्राचा पहिला तास. पहिल्या बाकावर येसेनिया. रात्रपाळी करून थेट आली असणार, डोळे लाल. समोर माझ्याच संध्याकाळच्या तासांची जुनी वही, पानं भरलेली. मी फळ्याकडे वळणार, तोच तिने हात वर केला.
"मॅडम, सकाळच्या कॉलेजातपण माणसाला हाडं दोनशे सहाच असतात का?"
वर्ग खदाखदा हसला. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.