झाकणाची कड

मयूर विहार, दिल्ली
२० नोव्हेंबर २०२४

ती. अहिल्याआत्यास,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मेतकूट दोन्ही पोचलं. तुझ्या जावयाने, यतीनने, विचारलंय की तुझी भाकरी अजून एका बाजूने करपते का. इथे हवा इतकी घाण झाली आहे की सृष्टीची शाळा बंद आहे, आणि ती दिवसभर माझ्या ऑफिसच्या फोनमध्ये डोकावत असते.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू पत्राचा हट्ट धरलास, ते आज बरं वाटलं. हे तोंडाने मला सांगता आलं नसतं.

रविवारी सुधन्वाने गुडगावला त्याचं दुकान बघायला बोलावलं. गणपतीत तो मिरजेला आला होता आणि तुझ्याकडून आजोबांच्या कारखान्यातला चहाचा डबा आठवण म्हणून घेऊन गेला होता, तो आठवतो ना? माझा भाऊ आठवणीखातर काही नेईल, यावर आपण दोघींनी विश्वास ठेवला. त्या डब्याच्या मापाचे शेकडो डबे त्याने करून घेतलेत. दुकानाला आजोबांचं नाव दिलंय, ‘हणमंत अँड डॉटर, १९४८ पासून’. डबे नवे आहेत, पण विकतो जुने म्हणून.

जुने कसे होतात ते त्याने मला कौतुकाने दाखवलं. दुकानामागच्या गल्लीत एक शेड आहे. तिथे पत्र्यावरचा कल्हईसारखा चकचकीत थर घासून काढतात आणि डबे व्हिनेगर, मीठ आणि उकळलेल्या चहापत्तीच्या पाण्यात बुडवून ठेवतात. ड्रममधल्या त्या पाण्यावर तपकिरी साय धरली होती. वास असा की जुनं नाणं तोंडात धरल्यासारखं वाटत होतं. एका ड्रममध्ये उंदीर फुगून तरंगत होता. सुधन्वाने तो काठीने बाजूला सारला आणि मला सांगितलं की टेन्शन नको, डबे नंतर धुतो. मग पुढे येऊन त्यातल्याच एका डब्यातली साखर घालून त्याने मला चहा दिला. मी तो कुंडीत ओतला.

यात लोक साखर, रवा, मुलांची बिस्किटं ठेवणार आहेत, आत्या. मी म्हटलं तर म्हणाला की लोकांना हाच लुक हवा आहे, दीदी, तू बाबांसारखी सरकारी आहेस, बिल्कुल.

त्याने मला एक डबा भेट दिला. घरी सृष्टीने झाकण उघडताना अंगठा कापून घेतला. झाकणाची कड उघडीच आहे, ब्लेडसारखी. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं.

आणि सगळ्यात वाईट तर पुढेच. डब्यासोबत एक छापील पत्रक येतं. त्यात लिहिलंय की आजोबा खेळणी करायचे, त्यांच्या लाडक्या लेकीचं पत्र्याच्या बदकावर इतकं प्रेम होतं की तिने त्याचा पापा घेतला, आणि त्या पाप्याची खूण अजून तिच्या ओठावर आहे. तुझा ओठ, आत्या. त्याने तुझा ओठ विकायला काढलाय.

आता त्याला झाकणावर ते बदक हवं आहे. त्याचा साचा तुझ्या पलंगाखाली आहे हे त्याला माहीत आहे. तो तुला लिहील, आणि गोड लिहील. देऊ नकोस.

सृष्टीचा नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझी,
क्षिप्रा

---

गुडगाव
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि. (हे बरोबर आहे ना? दीदीला विचारलं नाही, ती माझ्याशी बोलत नाहीये.)

मराठीत एवढं मोठं लेटर मी दहावीनंतर पहिल्यांदा लिहितोय, सो चुका माफ. तब्येत कशी आहे? गुडघे?

आत्या, तुला एक खुशखबर. आजोबांचं नाव आता परदेशात जाणार आहे. होळीपर्यंत मला बदकवाले डबे द्यायचे आहेत. मोठी ऑर्डर आहे. लोक आपली स्टोरी वाचून रडतात, खरंच. एका बाईंनी तर विचारलं की ती छोटी मुलगी अजून आहे का. मी सांगितलं की आहे, आणि ती माझी आत्या आहे. तुला किती प्राउड वाटायला हवं!

फक्त एक काम कर. पलंगाखालचा बदकाचा साचा पॅक करून दे. मी गाडी पाठवतो. तुला हात लावायची गरज नाही. तो तिथे गंजत पडलाय, इथे तो जिवंत होईल. आणि तुझा हसतानाचा एखादा फोटो मिळाला तर मजा येईल, थोडा क्लोजअप.

दीदीने तुला काहीतरी लिहिलं असेलच. तिला प्रत्येक गोष्टीची किळस येते. लहानपणी दुधावरची साय बघून पळायची. तू तिचं मनावर घेऊ नकोस.

तुझ्या लाडाचा हक्कदार,
सुधन्वा

---

मिरज
५ डिसेंबर २०२४

चि. सुधन्वास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. चुका आहेत, पण अक्षर तुझ्या बापापेक्षा बरं आहे. गुडघे आहेत तिथेच आहेत.

तू लोकांना जी गोष्ट सांगतोस ती मला माहीत नव्हती. मला जी माहीत आहे ती सांगते.

अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, चाकांची बदकं करायचे. बदकाचे दोन अर्धे भाग साच्यात दाबायचे, मग दुसऱ्या साच्यात त्यांची कड आत मुडपायची, आणि मग जोडायचे. एका वर्षी जत्रेच्या व्यापाऱ्याला घाई होती. शेवटचा माल कड न मुडपताच गेला. त्यातलं एक बदक घरी आलं. मी तीन वर्षांची होते. लहान मूल बदकाचं काय करतं? तोंडात घालतं. वरचा ओठ नाकापर्यंत फाटला. अण्णांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं, आणि त्यांचा सदरा इतका भिजला की नंतर तो चुलीत घातला. त्यात पापा कुठेच नव्हता.

ते बाजारातून जेवढी बदकं परत मिळतील तेवढी घेऊन आले आणि खेळणी बंद केली. पण बदकं छापलेला पत्रा पडून होता, टाकवत नव्हता. त्याचे चहा-साखरेचे डबे केले. म्हणून आपल्या डब्यांवर बदकांची रांग आहे, आणि झाकणावर खेळण्याचं अर्धं बदक उठवलेलं आहे. खेळण्यांचा कारखाना स्वयंपाकघरात आला तो असा.

पुढे प्रत्येक झाकणाची कड ते खालच्या ओठावरून फिरवून बघत. बोटांना घट्टे पडलेले, त्यांना धार कळत नसे. ओठाला कळते. गावात त्यांना ‘डबेचाटे’ म्हणत. बाजारात गेलं की पोरं मागून जीभ काढून दाखवायची. त्यांनी सोडलं नाही, आणि त्यांच्यानंतर कारखाना बंद होईपर्यंत ते मी केलं. पाटीवर माझं नाव तेव्हा कधी नव्हतं. आता तू लावलंस ते न विचारता.

साचे दोन आहेत. बदकाचा, आणि डब्यांसाठी अण्णांनी नंतर केलेला, झाकणाची कड मुडपायचा. मिळतील तर दोन्ही मिळतील, आणि पापा पत्रकातून जाईल. कबूल असेल तर कळव.

थंडी सुरू झाली असेल, कानाला काहीतरी बांधत जा. माझा आशीर्वाद मागेपुढे होत नसतो, तो आहेच.

अहिल्याआत्या

---

गुडगाव
१४ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
नमस्कार.

थँक यू. फार टचिंग लिहिलंस. पण खरं सांगू? दुसरा साचा नको. कड मुडपायची म्हणजे आणखी एक स्टेप, आणि मुडपलेली कड फार नवी, फार साफ दिसते. लोकांना कच्ची कड आवडते. हाताने केल्यासारखी वाटते.

पत्रकाचं म्हणशील तर छापून झालंय, यार. आणि रक्ताची गोष्ट डब्यासोबत कोण वाचणार? पाप्यात वाईट काय आहे? तुझं कौतुकच आहे.

प्लीज बदक पाठव. फक्त बदक. होळी जवळ आलीये.

तुझाच,
सुधन्वा

---

मिरज
२४ डिसेंबर २०२४

चि. सौ. क्षिप्रास,
अ. उ. आ.

सृष्टीचा अंगठा भरला का? यतीनला सांग, भाकरी आता दोन्ही बाजूंनी करपते.

सुधन्वाची दोन्ही पत्रं सोबत पाठवते आहे. दुसरं वाचून मी पाणी प्यायले, तरी तोंडाची चव गेली नाही. तरीही तो तुझा भाऊ, माझ्या श्रीरंगदादाचा मुलगा आहे. ते साचे माझ्या छातीवर ठेवून मला जाळणार नाहीत, कोणाला तरी द्यायचेच आहेत.

म्हणून एक कर. तो भेटेल तेव्हा त्याच्या डब्याचं झाकण त्याच्या हातात दे, आणि कड खालच्या ओठावरून एकदा फिरवायला सांग. मी सांगितलंय म्हणून सांग. त्याने फिरवलं, तर त्याला धार कळेल, आणि पुढचं मला समजवावं लागणार नाही. मी बदक पाठवीन. तू मध्ये बोलू नकोस. जे होईल ते जसंच्या तसं लिही.

संक्रांतीचा तिळगूळ आधीच धाडते, वाटेत चुरा होतो. तुम्हां तिघांना जवळ घेतलंय असं समजा.

अहिल्याआत्या

---

मयूर विहार, दिल्ली
१६ जानेवारी २०२५

ती. अहिल्याआत्यास,
सा. न. वि. वि.

सृष्टीचा अंगठा भरलाय, व्रण राहिलाय. ती म्हणते की आता ती आत्याआजीसारखी झाली. मला ते ऐकून हसावं की काय करावं कळेना.

मंगळवारी आमच्या मराठी मंडळाची बस दरवर्षीप्रमाणे पानिपतला, काला अंबला गेली. सुधन्वा कधी येत नाही, या वेळी आला. स्मारकापाशी फुलं वाहून झाली, लोक गप्प उभे होते, आणि हा त्यांच्या हातात ती पत्रकं देत फिरत होता. जिथे आपली इतकी माणसं पडली तिथे हा तुझा पापा वाटत होता. मी बुटांकडे बघत उभी राहिले.

मग तिळगूळ. त्याने लाडू आणले होते, आणि आणले होते त्याच्या गंजक्या डब्यातून. तळाच्या लाडवांना तपकिरी डाग पडले होते. मंडळातल्या बायकांनी एकेक घेतला आणि हळूच रुमालात गुंडाळला. मुनिरक्याहून आलेल्या, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी दोन-दोन उचलले, त्यांना घरचं काहीही चालतं. त्यातल्या धीरज नावाच्या मुलाने दाताखाली काहीतरी कचकचलं म्हणून थुंकलं. पत्र्याचा पापुद्रा होता. सुधन्वा हसून म्हणाला की ये तो असली है भाई.

तेव्हा मी झाकण उचलून त्याच्या हातात दिलं आणि तुझा निरोप सांगितला. जसाच्या तसा, एक शब्द जास्त नाही.

तो आधी हसला. मग त्याने झाकणाकडे पाहिलं. कडेवर गंजाची ओली रेघ होती, तिला लाडवाचा गूळ चिकटला होता. त्याने झाकण तोंडाजवळ आणलं, आणि त्याचं तोंड वाकडं झालं, आत्या. कुठे उघड्या गटारापाशी होतं तसं. त्याने झाकण खाली ठेवलं, खिशातून सॅनिटायझर काढून हात चोळले, आणि म्हणाला की हे सगळं फार इमोशनल आहे. मी काही बोलले नाही. तू बजावलं होतंस.

आणखी एक पाहिलं, तेही लिहिते. त्याने स्वतःच्या डब्यातला लाडू दिवसभरात एकदाही घेतला नाही. परतताना बसमध्ये मंडळातल्या सुनीतीवहिनींनी त्यांचा स्टीलचा डबा पुढे केला, तेव्हा त्यातले तीन खाल्ले.

आता तू काय ते ठरव. मला त्याची किळस येते, आणि तो माझा भाऊ आहे याने ती कमी होत नाही.

तुझ्या मायेवर विसंबून,
क्षिप्रा

---

मिरज
२५ जानेवारी २०२५

चि. सुधन्वास,
अ. उ. आ.

क्षिप्राने सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नकोस, तिने तेवढंच लिहिलं जेवढं मी मागितलं होतं.

ओठाला लावायची तुला किळस आली. त्यातच तुझ्या मालाची परीक्षा झाली, आणि ती तूच घेतलीस. जे तुझ्या तोंडाला नको, ते लोकांच्या स्वयंपाकघरात पाठवतोस, हे आता तुला माहीत आहे. या आधी माहीत नव्हतं असं मी धरून चालते. तू घरचा आहेस म्हणून तेवढी सूट.

बदकाचा साचा तुला मिळणार नाही. परवा मी तो हातगाड्यावर घालून शेजारच्या राधाच्या ओतकाम करणाऱ्या नवऱ्याकडे नेला. माझ्यासमोर वितळवून घेतला. त्याची आता दोन अडकित्त्यांची पाती होतील. अण्णांना चाललं असतं, ते सुपारी खात.

पण तू डबे करणं थांबवणार नाहीस, हे मला कळतं. होळीची ऑर्डर बदकाशिवाय जाईल, किंवा दुसरं काही छापून जाईल. म्हणून रेल्वे पार्सलने एक खोकं येत आहे. जड आहे, दोघांनी उतरवा. त्यात कड मुडपायचा साचा आहे. तू माझ्याच डब्याचं माप घेतलंयस, तेव्हा तो तुझ्या झाकणांना नेमका बसेल. कसा लावायचा ते मी सोबत चिठ्ठीत लिहिलंय, मोठ्या अक्षरात.

त्याच्यावर बदक नाही, नाव नाही, साल नाही. दुकानात मांडायला तो काही उपयोगाचा नाही. त्याने फक्त कड आत वळते.

वापरलास की पहिलं झाकण मला पाठव. ते मी ओठाला लावून बघेन. मला किळस येत नाही.

आशीर्वाद आहेत. मायेचं म्हणशील, तर ते झाकण आल्यावर लिहीन.

अहिल्याआत्या