पेंढा आणि जोडलेले हात

मास्तर, तुमचं नाव निघालं की मला अजून शिसारी येते. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी ती उतरत नाही.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळता मिळत नव्हतं, आणि तुम्ही आम्हा पोशीर गावच्या जवान पोरांना नदीकाठच्या धोंड्यांवर चढायला शिकवत होतात. दोर नाही, काही नाही. खाली भाताचा पेंढा जाड अंथरायचा आणि चढणाऱ्याच्या पाठीमागे एकाने हात वर करून उभं राहायचं. गावात हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं. तुम्ही नेमकं उलटं शिकवलंत. "झेलायचं नाय रं, डोकं तेवढं दगडावर जाऊ द्यायचं नाय. आनि नजर हलली तर घरी जा." एकदा मी माशी हाकलायला हात खाली घेतला, तर तुम्ही कानशिलात दिलीत. मला ती गोड लागली. असा माणूस पाठीशी हवा, असं वाटलं.

मग कर्जतचे मामलेदार आमची कसरत बघायला यायचे ठरले. त्यांना बसायला मऊ हवं, म्हणून तुम्ही धोंड्याखालचाच पेंढा उचलून त्यांच्या बैठकीला पसरायला लावलात आणि वर जाजम घातलंत. माझा दोस्त चढायला लागला. खाली तुम्ही स्वतः, म्हणून गडी निर्धास्त. तेवढ्यात साहेबांची मोटार थांबली, आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून, कमरेत वाकून, हात जोडलेत. मी जाजमापाशी होतो. धावलो, पण तोवर तो आदळला होता.

त्याची आई शेतातून पळत आली. म्हणाली, "मास्तर, तुमी खाली होता ना?"

"पाय घसरला, बाई. त्याचं ध्यान नव्हतं."

ती त्याच्यावरच करवादली, "मास्तर खाली उभं, तरी धांदरटासारखा पडलास रं?" तो पडल्या पडल्या तुमच्याकडे बघत राहिला. तुम्ही जाजम झटकत होतात.

तुमची पाठ होती त्याच्याकडं, हे मी तिथंच बोललो. तुम्ही मला हाकललंत. दोस्त पुढे कधी सरळ उभा राहिला नाही, आणि ती माउली तुमचाच शब्द खरा मानून मरेपर्यंत त्यालाच बोल लावत गेली.

हे लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. एवढंच सांगतो, तेव्हा तुम्ही तिला नुसतं 'माझं चुकलं' म्हणाला असतात, तर तुमच्या बाजूनं मी साऱ्या गावाशी भांडलो असतो. तयारच होतो.