भागूचं दुपटं

कळंब,
२० डिसेंबर १९५९

प्रिय कोकिळा,

तुझी तीनही कार्डं पोचली. तिन्हींत एकच प्रश्न, मावशी, दुपटं झालं का. तिसऱ्या कार्डात तर तू माझी तब्येतही विचारली नाहीस, ते बरंच केलंस. तब्येतीला काही झालेलं नाही. फाल्गुनाला अजून अवकाश आहे, बाळ काही उद्या येत नाही. पण तुझ्या आईचं अर्धं राहिलेलं काम तू माझ्याकडे पाठवलंस आणि मी महिनाभर एक ओळ लिहिली नाही, तेव्हा तू विचारणारच. दुपट्याचं सांगते. आधी इकडचं सांगते, कारण ते सोपं जातं.

हिवाळा चांगला पडला आहे. सेवानिवृत्त बाईने हिवाळ्यात काय करावं हे गावाने ठरवून टाकलेलं आहे. देवळात बसावं, वाती वळाव्या आणि दुसऱ्यांच्या सुनांबद्दल बोलावं. मी मोजे आणि बूट घालून सकाळी सहाला फिरायला निघते. बारा वर्षं इथल्या मुलींना शिकवलं तेव्हा कोणाला माझे बूट दिसले नाहीत, आता सगळ्यांना दिसतात. परवा एका गृहस्थांनी वाटेत थांबवून विचारलं, "बाई, इतक्या सकायी कोनाकडे?" कोणाकडेच नाही म्हटलं, तर त्यांचं समाधान होईना. बाईमाणूस निघालं की ते कोणाकडे तरी पोचलंच पाहिजे.

नदी ओलांडली की दोन्ही बाजूंना तूर आहे. शेंगा भरल्या आहेत. दवाने पातळाचा काठ भिजून पोटऱ्यांना चिकटतो. पुढे कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे, आणि टेकाडावर सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. घरी आले की वहीत नोंद करते. निळकंठ दोन. बोरं पिकली. टिटवीने नाल्याकाठी हाकलून लावलं. आनंद होतो का ते विचारू नकोस. दिसतं, एवढं खरं. थंडीत बोटं बधिर झाली की सुई टोचल्याचं कळत नाही, रक्त दिसलं म्हणजे कळतं. दोन महिने माझं सगळंच तसं चाललं आहे. भागूच्या तेरवीला तुझ्या आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "सख्खी बहीन गेली, अन् डोयात टिपूस नाही." मी म्हटलं, टिपूस तुम्ही काढा, पंगत खोळंबली आहे, मी वाढायला घेते. तू तेव्हा माझ्याकडे पाहिलंस. तुलाही ते लागलं असेल.

नऊ वाजता अंगणात ऊन येतं. तिथे मी शिवण घेऊन बसते. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची रुपीबाई वेचणीला जाताना पाणी प्यायला थांबते, आणि वेचणी नसली की तिचा कशिदा घेऊन माझ्याजवळच बसते. लेकीच्या लग्नाची कांचळी, म्हणजे त्यांची चोळी, करते आहे, सगळी आरशांनी भरलेली. समोरून पाहिली तर डोळे दिपतात, मागून पाहिली तर दोऱ्यांचं रान. मी एकदा बोलले. सांगितलं, आमच्या नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आधी कापड उलटं करून पाहायच्या, पाठ पोटासारखी नसली तर नापास. रुपीबाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "मंग थे त्या सिस्टरच्याच पाठीले घालून द्या. माही पोरगी त सामोरून जाईन नवऱ्यापुढं." मला हसू यायला हवं होतं.

त्या सिस्टरांच्या वर्गात मी आणि तुझी आई एका बाकावर असू. ती दोन वर्षांनी लहान, पण शिवणाचा तास एकत्र असे. माझा धावदोरा पट्टीने आखल्यासारखा. भागूचा कुठेही जाई. दर गुरुवारी सिस्टर तिचं काम उचलत आणि माझ्या मांडीवर टाकत. उसव. मी मोठी, वर्गात पहिली, मी पटापट उसवायची. भागू शेजारी बसून बघायची. तिने कधी तक्रार केली नाही आणि मी कधी सावकाश उसवलं नाही.

आता दुपटं. तुझं पार्सल सोडलं तेव्हा भागूचं जांभळं लुगडं ओळखलं. दोन पदर एकावर एक घातलेले, लाल जाड दोरा, सुई दाभणाएवढी. बारीक सुई तिला ओवता येईना झाली असणार. काठाकडच्या चार ओळी बऱ्या होत्या. पुढे टाके लांबत गेले, मग तिरपे झाले, मग दोन ओळी एकमेकींवर चढल्या. मला संताप आला. पहिलं नातवंड, पंचावन्नाच्या घरात आलेली बाई, आणि हे काम. दोन महिन्यांत मला वाटलेली ती पहिली गोष्ट होती, कोकिळा, आणि तिने मला इतकं बरं वाटलं की मी कात्री घेतली. चार सकाळी बसून सगळं उसवलं. चांगल्या चार ओळीसुद्धा, कारण करायचं तर एकसारखं करावं. दोरे एका डबीत भरले. तुझ्या बाळाला मी नीट काम देते आहे, असं मला खरोखर वाटत होतं.

मंगळवारी रुपीबाई आली. मी पहिली सरळ ओळ घालायला घेतली होती. तिने विचारलं, हे कोणाचं. मी सांगितलं. तिने डबीतले दोरे पाहिले आणि कापड माझ्या हातातून काढून उन्हासमोर धरलं. जाड सुईची भोकं बुजली नव्हती, उजेड त्यांतून येत होता, ओळीच्या ओळी. ती बोट फिरवत गेली. "इथलोक बाईनं बसून शिवलं," म्हणाली. थोडं पुढे थांबली. "इथून पडल्या पडल्या शिवलं हाये." आपल्या आईचं सांगितलं, "माही याडी बिमार होती तवा असेच टाके घाले." मग कापड माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "काहून उसवलं वो बाई?" आणि वेचणीला निघून गेली.

मी पेटीतून भागूची पत्रं काढली. श्रावणातलं अक्षर बरं आहे. भाद्रपदात ओळी खाली घसरतात. प्रत्येक पत्रात, मी बरी आहे. गौरीला ये असंही एकदा लिहिलं आहे. मी उत्तर पाठवलं होतं की मला वेळ नाही, आणि नातवंडाची चाहूल लागली तरी तुझं अक्षर गचाळच राहिलं. ते उत्तर तिने वाचलं असेल, मग सुई उचलली असेल. डॉक्टरांना, तुझ्या बाबांना, कोणी मला कळवलं नाही म्हणून मी दोन महिने बोल लावत होते. मला तिने स्वतः कळवलं होतं. मी तिचं अक्षर तपासत बसले.

म्हणून हे पत्र. तू मागितलेलं मी मोडून ठेवलं आहे, आणि हे तुला बाळाला पांघरल्यावर कोणा दुसऱ्याकडून कळू नये. मंगळवारपासून मी तिच्या भोकांतून तिचाच दोरा घालते आहे, जिथे तुटला तिथे गाठ मारून. तिरपं जातं तिथे तिरपं. हात ऐकत नाही, सरळ जायला बघतो, मग मी पुन्हा काढते. कापडाला पाणी लागलं तर भोकं मिटतील, म्हणून घाई आहे. काल अकरावी ओळ संपली. तिची शेवटची भोकं कडेपासून वीतभर अलीकडे थांबली आहेत, ओळीच्या मधेच. तिथे मीही थांबले. सातवा महिना लागला की लेक माहेरी येते, आणि तुझ्या बाबांना आर्णीत स्वतःपुरता चहासुद्धा जमत नाही. संक्रांत झाली की जावईबापू वामनरावांना सांग, तुला इथे आणून सोडू देत. माझ्या हातून झालेल्या कामामुळे यावंसं वाटत नसेल तर तसं लिही, दुपटं पार्सलने पाठवीन. पण कार्डावर लिहू नकोस, पोस्टमन वाचतो. आलीस तर ती वीतभर जागा तू शिव. टाके कसेही पडले तरी मी हात लावणार नाही.

तुझीच,
द्वारकामावशी