केतकी रंगाचं घराणं

३ जुलै

आज डॉक्टरीणबाईंनी आमच्या घराण्याची शानच उतरवली! माझ्या लग्नात बाबा भेटेल त्याला सांगत होते — ‘आमच्यात सगळे केतकी रंगाचे.’ बाईंनी माझी पापणी ओढून डोळा पाहिला. ‘ही कावीळ. कधीपासून?’

जन्मापासून, बाई. आम्ही तिला रूप म्हणतो.

पण पोटात बाळ आहे, म्हणून रक्ताची जास्तीची तपासणी सांगितली.

४ जुलै

कुलदीप निवांत. मला थोडा थॅलसेमिया आहे हे आधीपासून माहीत होतं, म्हणून लग्न ठरताना त्याचं रक्त तपासलं होतं. स्वच्छ निघालं. जावई पास झाला म्हणून बाबांनी सुलतान बाजारातून पेढे आणले होते! नवरोबा अजून त्याच तोऱ्यात. ‘दोघांना असलं तरच पोराला होते. माझं साफ है ना? टेन्शन कायको?’

१६ जुलै

पास कसला! माझ्या जनुकातला बिघाड निराळ्या जातीचा निघाला; ही कावीळही त्याचीच. याला आईबापांपैकी एकच पुरतो. कुलदीपचं स्वच्छ रक्त काही कामाचं नाही. बाळाला होण्याची शक्यता निम्मी.

बाबांचंही रक्त तपासायला दिलंय. मघाशी आरशात स्वतःचे डोळे बघत होते. मी म्हटलं, ‘केतकीच आहात हो!’ हसले नाहीत.

मला भीती वाटतेय.

२४ जुलै

आज पोटात सुई घालून बाळाच्या तपासणीसाठी नमुना घेतला. कुलदीप मला धीर द्यायला आत आला आणि सुई बघून स्वतःच आडवा झाला! नर्सने पाणी आधी त्याला पाजलं. परत येताना ऑटोत म्हणतो, ‘मी ठीक आहे.’ — विचारलं कुणी?

२ ऑगस्ट

बाबांचा रिपोर्ट आला. माझं त्यांच्याकडूनच आलंय.

घरात सगळे ‘बाळाला असलं तर...’ म्हणतात आणि चहा पितात. कुलदीपसुद्धा. पुढचं कुणी बोलत नाही. मी लवकर थकते, दोनदा रक्त चढवलंय, पित्ताशय काढलंय. पण शिकले, नोकरी करते, भांडते. माझ्यासारखं माणूस नकोच, असं वाटतंय का यांना? फार लागतंय मला हे.

७ ऑगस्ट

बाळालाही आहे.

बाबा मलकपेठहून धावत आले. ‘आता काय करायचं गं, बेटा?’

‘माझं काय केलंत तुम्ही?’

बाबा म्हणाले, ‘तुझं? तुला वाढवलं.’

आम्हीही तेच करणार.