मान हलली की पुढचं वाक्य

सोमवार, ४ मे

दिवसभरात सहा साक्षी. एकदाही अडखळले नाही! साक्षीदार खोसा भाषेत बोलतो, त्याचा शेवटचा शब्द पडायच्या आत माझं इंग्रजी मॅजिस्ट्रेटच्या कानात. ताता सोंवाबो, अठ्ठावीस वर्षं याच कोर्टात दुभाषे, मधल्या सुट्टीत मक्याच्या भरड्यावर आंबट दूध ओतत म्हणाले, "पोरी, तू साक्षीदाराच्या पुढं पळतेस. एक दिवस तो मागंच राहील."

"आणि ताता, तुम्ही वाक्य चघळत बसता तोवर साहेब घोरायला लागतात!"

हसले. मी गंमत करत नव्हते. रखडलेला अनुवाद ऐकून माणूसच खोटा वाटतो, आणि तुरुंगात जातो तो गरीब! हे मी सभांमधून ओरडून सांगितलंय. वेग हीच दया.

मागच्या बाकावरचा म्हातारा आजही होता. राखाडी घोंगडी, गाठीची काठी. रोज येतो बिचारा, माझंच ऐकायला बहुतेक. मी बोलते ती त्याच्याकडे पाहून. त्याची मान हलली की समजायचं, बरोबर गेलं. पुढं चल.

बुधवार, ६ मे

झ्वेलिबांझींचा खटला. वय एकाहत्तर. शेजाऱ्याचं घर जाळल्याचा आरोप. शेजाऱ्याचे दोन्ही पाय भाजले. शाबीत झालं तर सात वर्षं. म्हणजे म्हातारा घरी परतणार नाही. साक्षीदार एकच, त्यांची सून नोक्वाखा. डोक्याला घट्ट फडकं, नजर जमिनीवर.

"पहाटे पलिता घेऊन कोण होतं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"आमच्या घरचे ते... ज्यांचं नाव मी घेऊ शकत नाही..."

सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, त्या नावांतली अक्षरंसुद्धा टाळायची! या रूढीविरुद्ध मी म्थाथा शहरापासून समुद्रापर्यंत गावोगाव बोलले आहे. तोंडाला कुलूप घातलेली बाई न्याय कसा मागणार? आज ते कुलूप मी तोडलं. ती दम घेत होती, तेवढ्यात खणखणीत सांगितलं — "माझे सासरे, झ्वेलिबांझी."

ती पुढं काहीतरी पुटपुटली. मी तोवर पुढच्या प्रश्नावर.

मागच्या बाकाकडे पाहिलं. मान हलली नाही.

गुरुवार, ७ मे

का हलली नाही?

शुक्रवार, ८ मे

कोर्टाचं रेकॉर्डिंग मागवलं. ताता सोंवाबो शेजारी बसले. माझा आवाज, आणि त्याच्याखाली दबलेला तिचा. चार वेळा मागं नेऊन ऐकलं, तेव्हा कळलं — "...सासऱ्यांचे थोरले भाऊ. ज्यांचं थडगं आमच्या गोठ्यापाशी आहे."

त्यांचंही नाव घ्यायचं नसतं. मेल्यावरही.

"नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन," ताता म्हणाले. "शेजाऱ्यानं घर कुठं बांधलं होतं, ठाऊक आहे? त्या थडग्याच्या उशाला."

"ताता, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही!"

"तुझ्या विश्वासाचा अनुवाद कुणी मागितलाय? ती काय म्हणाली ते सांग."

इतकं लागलेलं बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी तिचं कुलूप तोडलं म्हणे! तिचं तोंड मीच बंद केलं, आणि त्यावर माझं भाषण ठोकलं.

सोमवार, ११ मे

मॅजिस्ट्रेटना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "मेलेल्या माणसानं आग लावली, असं लिहू?"

"ती म्हणाली तसं लिहा, साहेब. मी म्हणाले तसं नको."

चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "ती हेच म्हणाली असेल, तर या माणसाविरुद्ध काहीच उरत नाही." गुरुवारी पुन्हा साक्ष. मी म्हटलं, दुभाषे म्हणून ताता सोंवाबोंना घ्या. तातांनी हातच झटकले — "तू मोडलंस, तूच जोड!"

बुधवार, १३ मे

सराव करतेय. समोरच्याचं वाक्य संपल्यावर तीन श्वास. केवढे लांब असतात तीन श्वास!

गुरुवार, १४ मे

नोक्वाखानं हात वर करून बोट दाखवलं आणि वाक्य पूर्ण केलं. मी थांबले. तीन श्वास. मग शब्दाला शब्द — "सासरे नव्हते. त्यांचे थोरले भाऊ होते, ज्यांचं थडगं गोठ्यापाशी आहे. ते आत्ता मागच्या बाकावर बसले आहेत."

मॅजिस्ट्रेटनी पाहिलं. वकिलांनी पाहिलं. "बाक रिकामा आहे," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "तशी नोंद करा."

आरोपीच्या पिंजऱ्यात झ्वेलिबांझींनी टोपी काढली आणि, थोरल्यापुढं धाकट्यानं राहावं तसे, उठून उभे राहिले.

घोंगडीतल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मान हलवली.