मेणाचा एकच रंग

सोमवार, ४ मार्च

आज शिक्षकांनी वर्ग घेतले नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर चौतीस जण बसून होते — अधिव्याख्याते, प्रयोगशाळा सहायक, आणि त्यांत आमच्या सूनबाई! कारण काय, तर माझ्या मेणाच्या प्रतिकृती!

त्वचारोगांच्या या प्रतिकृती मी एकेचाळीस वर्षे घडवीत आलो आहे. त्या माझ्या काचेच्या कपाटात असतात आणि विद्यार्थी त्यांवरूनच रोग ओळखावयास शिकतात. शिक्षकांचे म्हणणे — सगळ्या गोऱ्या कातडीच्या आहेत. गेल्या महिन्यात एका काळ्या मुलीचा गोवर आमच्या रुग्णालयात कोणास ओळखता आला नाही. घरी पाठविली. ती दगावली. म्हणून काळ्या कातडीच्या प्रतिकृती होईपर्यंत ते शिकविणार नाहीत आणि येत्या सोमवारची परीक्षाही घेणार नाहीत.

मी चौथी शिकलेला मनुष्य आहे. परंतु माझ्या कामात खोट काढण्याचे धाडस आजवर कोणी केले नव्हते.

मंगळवार, ५ मार्च

सूनबाईंशी बोललो नाही.

बुधवार, ६ मार्च

जेवताना त्याच बोलल्या. "बाबा, रागावलात ना?"

"मी रागावत नसतो."

"मग ताटाशी का बोलताय? एक सांगा, तुम्हाला गोवर झाला असता, तर तुमचं कपाट बघून तो कुणाला कळला असता का?"

मुलगा म्हणाला, "बाबांच्या वाटेला जायची गोवराची छाती आहे का?" सगळे हसले. मी हसलो नाही. माझा वर्ण चांगला गडद आहे. कपाटाच्या काचेत तो मला रोज दिसतो.

गुरुवार, ७ मार्च

करूनच दाखवावे, असे ठरविले. गोवर उठलेल्या हाताच्या जुन्या साच्यात तपकिरी मेण ओतले, वर नेहमीचे लाल ठिपके रंगविले आणि दुपारी तो हात पायऱ्यांवर नेला. त्वचाविभागाच्या बाईंनी तो उन्हात फिरवून पाहिला. बाई स्वतः काळ्या आहेत.

"मेणकाका, हात सुरेख झालाय हो. पण आमच्या अंगावर गोवर असा लालभडक नाही उठत. जांभळट, मळकट दिसतो. कधी कधी डोळ्यांआधी बोटांना लागतो."

एकेचाळीस वर्षे! साचा घेण्यास माझ्याकडे गोरेच रुग्ण धाडले जात. काळे का येत नाहीत, हे मी एकदाही विचारले नाही.

शुक्रवार, ८ मार्च

बाईंबरोबर वॉर्डात गेलो. गोवर झालेला एक काळा ट्रकचालक तेथे होता. प्लास्टरचे भांडे पाहून म्हणाला, "काका, मेल्यावर घेतात तसला साचा नाही ना?"

"जिवंतपणीचाच आहे. हात हलवू नका."

दहा मिनिटे तो हलला नाही. नंतर म्हणाला, "ती पोरगी आमच्या गल्लीतली."

साचा उत्तम उतरला. मात्र ओतावयास मेण उरलेले नाही. मागणीचा अर्ज दिला.

शनिवार, ९ मार्च

प्राचार्यांनी बोलावून खुर्ची दिली. एकेचाळीस वर्षांत प्रथमच! म्हणाले, "मेणकाका, बाहेरून परीक्षक आणतोय. सोमवारी सकाळी बारा प्रतिकृती मांडून ठेवा. एकदा परीक्षा पार पडली, की ही मंडळी आपोआप उठतील."

मी मेणाचे विचारले.

"ते नामंजूर. तुम्ही कशाला त्यांच्या नादी लागता? तुम्ही आपले जुने माणूस."

"बरे," असे म्हणून मी उठलो. घरापर्यंत तो शब्द तोंडात कडू लागत होता.

रविवार, १० मार्च

परीक्षेच्या बाराही प्रतिकृती आज वितळविल्या. त्यांचे साचे शाबूत आहेत. मागाहून पुन्हा ओतीन. त्या मेणात तपकिरी रंग कालवून ट्रकचालकाचा हात ओतला आहे. प्राचार्यांस तसे लेखी कळविले आणि खाली सही पूर्ण नावाने केली.